थेम्सच्या चहाड्या

मंगलवहिनी चार महिने लेकाकडे लंडनला राहून परवा परतल्या आणि काल सकाळी साडेसातला त्यांची कोपरं आमच्या मधल्या भिंतीवर टेकली. माझ्या बाजूला कढीपत्त्याचं झाड, त्यांच्या बाजूला धुण्याचा दगड. या दोघांच्या साक्षीनं आम्ही तीस वर्षांत सांगलीतल्या कुणालाही सोडलेलं नाही. काल मात्र वहिनींनी थेट लंडनला हात घातला.

"बाई, ती नदी आहे का चहा हो?"

(शाळेत चित्रकला शिकवायची म्हणून गल्लीला मी 'बाई'. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी बाईच.)

"कुठली नदी?"

"थेम्स की! एवढं नाव ऐकलेलं, म्हटलं निळीशार असेल. बघते तर आपली जुलैतली कृष्णा. सून म्हणते, आई, ती घाण नाही, गाळ आहे. आता रंग एकच, मग गाळ काय नि घाण काय!"

सुनेचं बरोबर होतं. समुद्राची भरती लंडनच्या पोटापर्यंत शिरते. लंडन ब्रिजपाशी पाणी भरती-ओहोटीला सुमारे ७ मीटर वर-खाली होतं, तेही दिवसातून दोनदा. एवढं घुसळल्यावर तळचा गाळ बसणार कधी?

"तरीच! सकाळी पायरीला लागलेलं पाणी, दुपारी जाऊन बघावं तर नुसता चिखल. आपल्याकडे आयर्विन पुलापाशी फूटभर चढलं की गावभर फोनाफोनी. तिथं रोज वीस फूट चढतंय आणि कुणी मान वळवून बघत नाही." मग आवाज खाली आणून, "त्या चिखलात मी उतरले होते. कुणाला सांगू नका."

उतरल्या कशाला, तर खाली काहीतरी पांढरं दिसलं. खडूच्या कांडीएवढी मातीची नळी, मधून आरपार भोक. वहिनींनी ती पदराला पुसली न पुसली तोच वरून नातू ओरडला, "आजी, खाली टाक! परवाना लागतो!" तिथं नदीकाठी काही शोधायला, उचलायला बंदर खात्याचा परवाना काढावा लागतो. आजीनं घाबरून नळी होती तिथं ठेवली आणि आल्या पायरीनं वर चढल्या.

ती चिलमीची दांडी. विलायतेत तंबाखू आली तेव्हापासून नावाडी, हमाल, खलाशी मातीच्या चिलमी ओढायचे, आणि मोडली की नदीत फेकायचे. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं थोटूकच म्हणा.

"म्हणजे कुणाच्या तरी तोंडातलं उष्टं मी पदराला पुसलं!" वहिनी म्हणाल्या आणि हात दगडावरच्या बादलीत बुडवून आल्या.

मग त्यांनी पर्समधून वीस पौंडांची नोट काढली. आठवण म्हणून ठेवलेली, मोडायची नाही. प्लास्टिकची आहे. सुनेच्या मशीनमधून एकदा जीन्सच्या खिशातून फिरून आली तरी कोरी करकरीत. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत उपरणं गुंडाळल्यासारखा एक तरुण माणूस, मागे शिडांचं जहाज.

"हा कोण गृहस्थ? लेकाला विचारलं तर म्हणाला, कुणीतरी पेंटर आहे. कुणीतरी! एवढं शिकवलं ते यासाठी."

तो टर्नर. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर. लंडनमधल्या न्हाव्याचा मुलगा, जन्म १७७५ चा, घर थेम्सपासून हाकेच्या अंतरावर. मागचं जहाज 'टेमेरेर'. १८०५ साली ट्रॅफल्गरच्या लढाईत ते लढलं होतं, आणि १८३८ मध्ये आरमारानं भंगारात काढलं. दोन वाफेच्या बोटींनी ते थेम्समधून ओढत रॉदरहाइथला नेलं आणि तिथं फळी फळी सोडवली. टर्नरनं पुढच्या वर्षी त्याचं चित्र मांडलं. भुतासारखं पांढरं फटक जहाज, पुढे काळीकुट्ट छोटी बोट, आणि मागे सगळं आभाळ पेटवणारा सूर्यास्त. इंग्रजांचा या चित्रावर एवढा जीव की २००५ मध्ये बीबीसी रेडिओनं सर्वांत थोर चित्र कुठलं असं लोकांना विचारलं, तेव्हा हेच पहिलं आलं.

"आणि वहिनी, त्यात थापाच थापा आहेत. ओढणाऱ्या बोटी दोन, यानं काढली एक. जहाजाचे डोलकाठी-दोर आधीच उतरवून घेतले होते, यानं सगळे उभे केले. आणि जहाज चाललं होतं पश्चिमेला, तर सूर्य मावळतोय त्याच्या पाठीमागे!"

"म्हणजे पूर्वेला मावळवला?"

"मावळवला. आणि लोकांनी नोटेवर छापला."

वहिनींनी नोट उन्हात धरून पाहिली. "चित्र चांगलं आहे पण," त्या म्हणाल्या. माझंही तेच मत आहे. दोन बोटी आणि डोलकाठ्यांविना लाकडाचा सांगाडा, असं खरं काढलं असतं तर बंदर खात्याच्या वहीत चिकटवायलाच उपयोग झाला असता.

पण वहिनींना जहाजात रस नव्हता. "घरचं कसं होतं?" त्यांनी विचारलं. कुणाचंही नाव निघालं की तिसरा प्रश्न हाच असतो. आणि टर्नरच्या बाबतीत हा प्रश्न विचारावा असाच आहे.

लग्न नाही. शहरात मोठं घर, त्यातच चित्रांचं दालन. छप्पर गळतंय, चित्रांना ओल आलेली, आणि ते सगळं सांभाळणारी हाना डॅन्बी नावाची जुनी बाई. स्वारी मात्र मधूनमधून गायब. कुठं जातो, कुणाला पत्ता नाही. तर चेल्सीला, थेम्सच्या अगदी काठावर, एक लहानसं घर होतं. तिथं सोफिया बूथ नावाची विधवा राहायची. मार्गेटला खोल्या भाड्यानं द्यायची तेव्हापासूनची ओळख. चेल्सीच्या गल्लीत या म्हाताऱ्याला सगळे 'ॲडमिरल बूथ' म्हणायचे. ठेंगू, लालबुंद चेहऱ्याचा, बोलण्यात रांगडा, म्हणजे आरमारातून निवृत्त झालेला कुणी अधिकारी असणार असा शेजाऱ्यांचा समज. त्यानं तो कधी खोडला नाही.

"बाईचं आडनाव स्वतःला लावून घेतलं?" वहिनींचे डोळे मोठे झाले. "आणि शेजारणींना कळलं नाही? कसल्या शेजारणी त्या!"

हाच तर माझाही मुद्दा. आमच्या गल्लीत आठ दिवस निभला नसता. घराच्या छपरावर त्यानं कठडा बसवून घेतला होता. पहाटे उठून तिथं उभा राहायचा आणि नदीवरचा उजेड बघायचा. शेजाऱ्यांना वाटे, ॲडमिरलसाहेबांना समुद्राची आठवण येतेय. शेवटी हाना बाईला त्याच्या जुन्या कोटाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली आणि तीवरून तिनं चेल्सीचा माग काढला, असं सांगतात. १९ डिसेंबर १८५१ ला तो त्याच घरात, नदीकडे बघत गेला, आणि सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं. गल्लीचा ॲडमिरल गल्लीतून निघाला तो थेट थोरामोठ्यांच्या रांगेत जाऊन झोपला.

"कोटाचा खिसा," वहिनी म्हणाल्या. "बघा, सगळं तिथंच सापडतं." आणि व्हरांड्याकडे एक नजर टाकली. व्हरांड्यात भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, पेपर वाचत होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. पेपर हलला नाही.

टर्नरच्या हातून थेम्स किती वेळा उतरली याला मोजदाद नाही, पण एक प्रसंग सांगण्यासारखा. १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री पार्लमेंट जळालं. कारण ऐकाल तर हसाल. जुन्या काळी सरकारी हिशेब लाकडाच्या काड्यांवर खाचा पाडून ठेवायचे. काडी उभी चिरायची, अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. ही पद्धत बंद झाली आणि दोन गाड्या भरतील एवढ्या काड्या उरल्या. कुणीतरी ठरवलं की बाहेर ढीग करून पेटवण्यापेक्षा उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्टीत घालाव्यात. भट्टीची धुराडी तापली आणि संध्याकाळी सगळ्या इमारतीनं पेट घेतला. लंडन लोटलं बघायला. टर्नरही वही घेऊन हजर होता. पुढच्या वर्षी त्यानं या आगीची दोन मोठी तैलचित्रं केली. दोन्हींत आगीपेक्षा नदीच जास्त पेटलेली आहे.

"रद्दी विकली असती तर?" वहिनी म्हणाल्या. आमच्या रद्दीवाल्याला हा प्रश्न पडला नसता.

आता खरी गोष्ट. चित्रांत सगळं आलं: धुकं, आग, सूर्य, शिडं. एक गोष्ट कुणालाच काढता आली नाही.

"वास," वहिनी लगेच म्हणाल्या. त्यांच्या मागच्या गटाराचं झाकण गेले तीन पावसाळे फुटलेलं आहे आणि अर्जांची एक फाइल झाली आहे, त्यामुळे हा विषय त्यांना चटकन कळतो.

टर्नर चेल्सीच्या छपरावर उभा राहून उजेड बघत होता, तेव्हा खालून लंडनचा मैला वाहत होता. आधी प्रत्येक घराखाली शोषखड्डा असे. रात्री माणसं येऊन तो उपसत आणि शेतांत खत म्हणून विकत. मग साखळी ओढायचे संडास आले. एका ओढीला बदाबदा पाणी. खड्डे भरून वाहायला लागले. १८४८ नंतर अधिकाऱ्यांनी फर्मान काढलं की घरांच्या मोऱ्या गटारांना जोडा. गटारं कुठं जातात? नदीत. पाण्याच्या कंपन्या पाणी कुठून उचलत? बऱ्याचशा त्याच नदीतून. आणि वर ही भरती. ओहोटीला खाली गेलेलं सगळं सहा तासांनी परत दारात.

"शी!" वहिनींनी नाकाला पदर लावला. "आणि प्यायचे?"

प्यायचे आणि पटकीनं मरायचे. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये १४,००० च्या वर माणसं गेली. आणि वहिनी, त्या साथीच्या वेळी आपल्या भागातला एक माणूस त्या शहरात होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी. कंपनीनं १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढलं. ती गादी परत मिळावी म्हणून हा माणूस कंपनीच्या दारात अर्ज-विनंत्या घेऊन १८५३ पर्यंत लंडनमध्ये बसला. महाराज १८४७ मध्ये वारले तरी याची दाद मागणं चालूच. कृष्णेचं पाणी प्यायलेल्या माणसानं जवळजवळ चौदा वर्षं ते पाणी कसं घशाखाली उतरवलं असेल, मला नेहमी वाटतं. त्यांच्या अर्जांचा इतिहास लिहिला गेला. नाकाचा कुणी लिहिला नाही.

१८५५ च्या जुलैमध्ये मायकेल फॅरेडे, तोच तो विजेचा शास्त्रज्ञ, नदीतून बोटीनं चालला होता. त्यानं खिशातली पांढरी कार्डं काढली, तुकडे केले, बुडावेत म्हणून ओले केले, आणि धक्क्याधक्क्याला एकेक पाण्यात सोडला. तुकडा इंचभर खाली जायच्या आत दिसेनासा व्हायचा, तेही लख्ख उन्हात. त्यानं 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं. मग 'पंच' या विनोदी साप्ताहिकानं व्यंगचित्र काढलं: फॅरेडे एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं चिखलात बरबटलेल्या थेम्सबाबाला आपलं कार्ड देतोय. बघा, वास काढला तो व्यंगचित्रकारानं. थोर मंडळी नाक मिटून उजेडाच्या मागे होती.

"मग कुणी काही केलं की नाही? की अर्जच?"

तीन वर्षं अर्जच. मग १८५८ चा जून आला. उकाडा असा की नदी आटली, काठावरचा थर उन्हात शिजायला लागला. त्या उन्हाळ्याला इंग्रजांनी नावच दिलं, 'महादुर्गंधी'. पार्लमेंटची नवी इमारत अगदी नदीला लागून. खिडक्या उघडाव्यात तर वास, मिटाव्यात तर गुदमरणं. शेवटी पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या पाण्यात भिजवून लावले.

"ते काय?"

"ब्लीचिंग पावडर."

वहिनी गप्प झाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आयर्विनला ५७ फुटांवर गेलं आणि उतरल्यावर आमच्या दोन्ही घरांत पांढरी पावडर फासली होती, तो वास आम्हा दोघींच्याही नाकात अजून आहे.

डिझरायली, जो पुढे पंतप्रधान झाला, तो समितीच्या खोलीतून हातात कागद आणि नाकाला रुमाल अशा अवस्थेत बाहेर पळाला. आणि मग त्यानंच विधेयक आणलं. १८ दिवसांत त्याचा कायदा झाला. वर्षानुवर्षं हजारो माणसं मेली तेव्हा हललं नाही ते, खासदारांच्या नाकाशी आल्यावर तीन आठवड्यांच्या आत हललं. त्या जुलैत 'पंच'मध्ये आणखी एक चित्र आलं, मला त्या शतकातलं थेम्सचं सर्वांत खरं चित्र वाटतं ते. काळी नदी, मेलेली जनावरं तरंगताहेत, आणि होडीत वल्हं मारत बसलाय एक सांगाडा. टर्नरला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यानं हे पाणी सोनेरी केलं असतं.

काम मिळालं जोसेफ बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरला. जुनी गटारं नदीकडे उतरत होती. त्यानं नदीला समांतर मोठे बोगदे घातले, जे या गटारांना मधेच अडवतील आणि सगळं पूर्वेला, शहराबाहेर नेतील. १३२ किलोमीटरचे विटांचे मुख्य बोगदे.

"उतार किती दिला होता?" व्हरांड्यातून आवाज आला. पेपर अजून तोंडापुढेच होता.

"मैलाला दोन फूट, भाऊ."

"हं. बरोबर आहे." पान उलटलं. इंग्लंडचं एवढं मोठं काम, पण सांगलीच्या व्हरांड्यातून मंजुरी मिळायची राहिली होती.

उतारानं जातील तिथवर बोगदे, मग पंप. १८६५ मध्ये क्रॉसनेसचं पंपघर सुरू झालं. ओतीव लोखंडाची रंगीत नक्षी आत अशी की देवळात आल्यासारखं वाटावं. मैला साठवायचा आणि ओहोटी लागली की सोडायचा, म्हणजे समुद्राकडे जाईल. गंमत अशी की पटकी वासानं होते अशी तेव्हा बहुतेकांची पक्की समजूत. वास घालवायला गटारं बांधली आणि पाणी सुधारल्यानं पटकी गेली. १८६६ ला शेवटची साथ आली ती शहराच्या पूर्व भागात, जिथं काम पुरं व्हायचं होतं. शहराबाहेर म्हणजे तरी कुठं, हा प्रश्न उरलाच. ३ सप्टेंबर १८७८ ला 'प्रिन्सेस ॲलिस' ही सहलीची बोट नेमक्या त्या मैला सोडायच्या जागेजवळ धडकून बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. ते वहिनींना मी सविस्तर सांगितलं नाही, चहाची वेळ होती.

"तुम्ही तिथं नदीकाठानं फिरायला जात होता ना, झाडं लावलेला रुंद रस्ता?"

"रोज! बाकांना उंट आहेत लोखंडी. नातू बसायचा."

"त्याच्या खालून बॅझलगेटचं गटार जातं. आणि भुयारी रेल्वे. तो रस्ता आधी नव्हताच. नदी आत ढकलून जमीन काढली. १८७० मध्ये खुला केला."

वहिनींनी पायाखाली बघितलं, जणू अजून तिथंच उभ्या होत्या. मग त्यांना आठवलं: जवळच्या बागेत एक दगडी दरवाजा उभा आहे, भिंत नाही, घर नाही, नुसता दरवाजा. मुलगा म्हणाला शोभेचा असेल. शोभेचा कसला! १६२६ मध्ये बांधलेला एका सरदारवाड्याचा घाट तो. वाड्यातून उतरायचं, दरवाज्यातून पायरीवर, पायरीवरून होडीत. आता त्याच्यापासून नदी शंभरावर पावलं लांब गेली आहे. दरवाजा उगाच हिरवळीकडे तोंड करून उभा. त्या सगळ्या लांबलचक काठावर मला विचाराल तर बघण्यासारखी हीच एक गोष्ट.

"तुम्ही कधी गेलात?" वहिनींनी पकडलं.

मी गेलेली नाही. छापील चित्रं आणि पुस्तकं, एवढंच माझं लंडन. पण शेजारच्या घरात काय चाललंय ते सांगायला आत जावं लागतं असं कुठं आहे?

टर्नरला होडीतून फिरवणारा चेल्सीचा एक नावाडी होता, ग्रीव्ह्ज. त्याची मुलं वॉल्टर आणि हेन्री. टर्नर गेल्यावर काही वर्षांनी त्याच काठावर व्हिसलर नावाचा अमेरिकन चित्रकार राहायला आला, आणि ही पोरं त्याला रात्री होडीतून न्यायची. तो अंधारात नुसता बघत बसायचा, डोक्यात साठवायचा आणि घरी येऊन रंगवायचा. निळसर-राखाडी, पातळ, जपानी छाप्यांसारखं. कुठं एक दिवा, कुठं पुलाचा एक खांब. त्या चित्रांना तो संगीतातली नावं द्यायचा, 'नॉक्टर्न'. मला विचाराल तर थेम्स कुणाला खरी सापडली असेल तर ती याला, कारण त्यानं ती दिसत नाही तेव्हा बघितली. वॉल्टर पुढे स्वतः चित्रकार झाला. बाप एकाची होडी हाकतो, मुलगा दुसऱ्याची, आणि शेवटी वल्हं टाकून ब्रश धरतो. आमच्या शाळेतल्या कलाशिक्षकांच्या कुठल्या शिबिरात हे कुणी सांगितलं नाही.

"भांडण वगैरे?" वहिनींना धुक्यात फार वेळ ठेवता येत नाही.

भांडण तर कोर्टापर्यंत गेलं! चेल्सीच्या नदीकाठच्या बागेत रात्री आतषबाजी व्हायची, तिचं एक चित्र त्यानं मांडलं, किंमत दोनशे गिनी. रस्किन नावाच्या बड्या समीक्षकानं १८७७ मध्ये जाहीर लिहिलं की हा माणूस लोकांवर रंग उडवून वर पैसे मागतोय. व्हिसलरनं अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. कोर्टात चित्रं आणली. पुलाच्या चित्रावर न्यायाधीशांनी विचारलं, ही वर दिसताहेत ती माणसं आहेत का? व्हिसलर म्हणाला, आपल्याला जे वाटेल ते. खटला तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. खर्च ज्याचा त्यानं सोसायचा. १८७९ मध्ये माणूस दिवाळखोर.

"आमच्या आत्याबाईंचा जमिनीचा दावा," वहिनी म्हणाल्या आणि पुढचं सांगायची गरज नव्हती. वीस मिनिटं ते चाललं. मी कढीपत्ता खुडून घेतला.

परत आलो ते थंडीवर. थेम्स पूर्वी गोठायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या लंडन ब्रिजला १९ अरुंद कमानी. पाणी त्यात अडून मंदावे, त्यात त्या काळची कडक थंडी, की झाला बर्फ. मग त्यावर जत्रा. खाण्याची दुकानं, छापखानासुद्धा. आपलं नाव 'थेम्सवर छापलं' म्हणून कागदावर उमटवून घ्यायचं. शेवटची जत्रा १८१४ ची, तेव्हा एक हत्ती बर्फावरून नदीपार नेला. १८३१ मध्ये जुना पूल पाडला, नदी मोकळी झाली, पुन्हा शहरात तशी जत्रा भरली नाही. हत्तीवर वहिनी खूश. आपल्या गणपतीपुढे संस्थानाचा हत्ती असायचा, त्याला कृष्णेवरून चालवायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच. कॅनालेत्तोचंही सांगायला हवं होतं: व्हेनिसचा चित्रकार, १७४६ ला लंडनला आला, आणि थेम्सवर व्हेनिसचं ऊन पाडून गेला. वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० ला खुला झाला. यानं तो त्याआधीच पुरा करून दाखवला. पण तेवढ्यात वहिनींनी मला दुसरी भेट दिली.

फ्रिजवर चिकटवायचं चुंबक. जांभळं धुकं, त्यात पार्लमेंटची सावली, पाण्यात लाल सूर्य.

"मोने," मी म्हणाले.

"दुकानात सगळीकडे हेच. म्हटलं बाईंना आवडेल. पण खरं सांगू? चार महिन्यांत असं धुकं एकदाही बघितलं नाही मी."

कसं दिसेल! ते धुकं नव्हतंच नुसतं, कोळशाचा धूर होता. मोने १८९९ ते १९०१ असा तीनदा आला. सॅव्हॉय हॉटेलात नदीकडची वरची खोली घेतली, खिडकीत चित्राचा घोडा मांडला. खाली बॅझलगेटचा रस्ता, पलीकडे पूल. पार्लमेंट रंगवायला समोरच्या इस्पितळात जाऊन बसायचा. उजेड बदलला की कॅनव्हास बदल. करता करता शंभराच्या आसपास कॅनव्हास एकाच वेळी सुरू. एका सकाळी उठून बघतो तो आभाळ स्वच्छ, धुक्याचा मागमूस नाही. घाबरला बिचारा, सगळी चित्रं गेली म्हणून. मग घरोघरी चुली पेटल्या, धूर चढला, आणि याच्या जिवात जीव आला. हे त्यानं घरी पत्रात लिहिलेलं आहे. २०२३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी टर्नर आणि मोनेच्या चित्रांतल्या कडा किती पुसट होत गेल्या ते मोजलं, तर हवेतला धूर जसा वाढला तसं चित्र पुसट होत गेलेलं.

"म्हणजे लोक खोकत होते आणि हा..."

"हा जांभळा रंग काढत होता."

१९५२ च्या डिसेंबरात तशाच धुरानं पाच दिवसांत हजारो माणसं मेली, तेव्हा कुठं १९५६ मध्ये हवेचा कायदा आला. १९५७ ला तिथल्या संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी नदीही मेल्याचं सांगितलं. शहरातल्या पट्ट्यात मासा जगत नाही. मग पुन्हा गटारांवर काम. १९७४ मध्ये सामन मासा सापडला. आता सील येतात; वहिनींनी एक बघितला, "ओल्या कुत्र्यासारखा". आणि एवढं करूनही जोराचा पाऊस झाला की बॅझलगेटची गटारं नदीत ओसंडायचीच, म्हणून नदीच्या खालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा घातला, तो २०२५ मध्ये पुरता सुरू झाला. दीडशे वर्षांनी तेच काम. भाऊंनी यावर पेपर खाली ठेवला, पण बोलले नाहीत.

"एक राहिलंच," मी म्हणाले. "टर्नरनं मरताना सगळी चित्रं देशाला दिली. कागदावरचीच हजारो. ती टेट संग्रहालयाच्या तळघरात होती, नदीकाठाला. १९२८ च्या जानेवारीत रात्री भरती आणि पूर एकदम आला, काठाची भिंत फुटली. चौदा माणसं बुडाली. आणि पाणी टेटच्या तळघरात शिरलं. टर्नरचे कागद भिजले."

"मग?"

"वाळवले. एकेक पान सोडवून. बरेचसे वाचले."

वहिनी भिंतीवरून खाली बघत होत्या. २०१९ ची रेघ अजून दिसते, गिलाव्यात, आमच्या दोघींच्या खांद्यांच्या बरोबरीनं. त्यांच्या लग्नाचा अल्बम तेव्हा आम्ही माझ्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवला होता. भाऊंचा चेहरा त्यातल्या निम्म्या फोटोंतून निघून गेला.

"आणि तुमचं ते घाटाचं चित्र?" त्यांनी विचारलं. "दिवाणखान्यातलं. भिजलं होतं ना?"

भिजलं होतं. माझं सर्वांत मोठं चित्र ते. सकाळचा घाट, कळस, दोन होड्या. शाळेच्या प्रदर्शनात पहिलं आलं होतं.

"तुम्हाला बोलले नाही कधी," वहिनी म्हणाल्या, "पण त्यात पाणी निळं काढलंय तुम्ही. मी चाळीस वर्षं त्या घाटावर जाते बाई. निळं कधी बघितलं नाही."

मी कढीपत्त्याची जुडी त्यांच्या हातात दिली. त्या गेल्यावर आत येऊन चित्रासमोर उभी राहिले. पुराचं पाणी त्यात खालून चढलं होतं, दोन होड्यांच्या तळापर्यंत. तिथं चार बोटं रुंद पट्टा राहिलाय. चहाच्या रंगाचा.